‘इतकी वर्षं काय करत होतात?’ : शिक्षणातल्या गॅपचा इतिहास

ज्यांच्याकडे इअरफोन नाही, किंवा गावात रेंजच येत नाही, त्यांच्यासाठी हा आजच्या एपिसोडचा लेखी मजकूर. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय, सांभाळून घ्या.

आजची गोष्ट एकोडीतून सुरू होते. भंडारा जिल्हा, साकोली तालुका, धानाचं गाव. माझं गाव. माझ्या वहिनी तिथेच राहतात. बारावी झाल्या झाल्या त्यांचं लग्न झालं आणि पुढची बारा वर्षं पुस्तक बंद. तिसाव्या वर्षी त्यांनी मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव टाकलं आणि पासही झाल्या. गेल्या वर्षी समाजकार्याच्या पुढच्या पदवीसाठी अर्ज केला. लेखी परीक्षा निघाली. मुलाखतीचं बोलावणं आलं.

मुलाखत जेमतेम दहा मिनिटांची. तिसराच प्रश्न होता, "बारावीनंतर बारा वर्षांचा गॅप दिसतोय. इतकी वर्षं काय करत होतात?"

वहिनी म्हणाल्या, "काही नाही जी, घरीच होते."

यादीत नाव आलं नाही. ते त्या उत्तरामुळेच आलं नाही असं मी म्हणणार नाही, कारण तिथे कारण कुणी सांगत नाही. पण घरी आल्यावर त्या मला म्हणाल्या, "भाऊजी, त्या प्रश्नाला माझी मान खालीच गेली. चोरी पकडल्यासारखं वाटलं."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. शिकायला परत येणाऱ्या माणसाला चोरासारखं का वाटावं? म्हणून मी मागे जाऊन बघायला लागलो, की आपल्याकडे शिक्षण मध्येच सुटलेली आणि पुन्हा धरलेली माणसं कोण होती. आणि बघा, यादी काढायला बसलो तर त्यात अशी नावं आली, जी आपण लहानपणी शाळेच्या भिंतीवर वाचलेली आहेत.

शाळेतून काढलेला मुलगा

पहिलं नाव जोतीराव फुले. जन्म १८२७. मराठी शाळेत थोडं शिकले आणि वडील गोविंदरावांनी शाळेतून काढलं. माळ्याच्या मुलाला काय करायची आहे शाळा, असा त्या काळचा सूर. मुलगा मळ्यात कामाला लागला. पुढे गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब या दोन ओळखीच्या माणसांनी गोविंदरावांची समजूत घातली. १८४१ मध्ये जोतीराव पुन्हा शाळेत गेले, पुण्यातल्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत. म्हणजे आपण ज्यांना महात्मा म्हणतो त्यांच्याही शिक्षणात गॅप आहे.

आता पुढची गोष्ट. १८५५ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी शेतकरी आणि मजुरांसाठी रात्रीची शाळा सुरू केली, तीही स्वतःच्या घरी. दिवसभर राबणाऱ्या माणसाला "तू दिवसा का येत नाहीस?" असं विचारण्यात काही अर्थ नव्हता. त्यांनी प्रश्नच बदलला : शाळा रात्री का नको? हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

दोघी बहिणी

दुसरी गोष्ट कोकणातल्या दोन बहिणींची. थोरली गोदूबाई जोशी. बालपणीच विधवा झाली. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, तेव्हा तिथल्या पहिल्या विद्यार्थिनींमध्ये गोदूबाई होत्या. वय विशीच्या पुढे. पुढे १८९३ मध्ये त्यांनी धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला. तुम्ही त्यांना बाया कर्वे म्हणून ओळखत असाल.

धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले. त्याही विधवा झाल्या, पदरात एक मुलगा. त्याही विशी उलटल्यावर शिकायला लागल्या आणि मग कर्व्यांच्या आश्रमासाठी गावोगाव फिरून निधी गोळा करू लागल्या. या फिरण्यात इंग्रजी येत नाही म्हणून काम अडतं, हे त्यांना बोचत होतं. मग काय केलं? १९१८ मध्ये, वयाची पंचेचाळिशी उलटून गेल्यावर, त्या इंग्रजी शिकायला अमेरिकेला गेल्या. तिथे लोकांच्या घरी घरकाम करून पोट भरलं आणि भाषा शिकल्या. पुढे त्यांनी आत्मचरित्र लिहिलं, १९३० मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतरही छापून आलं.

इथे मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. पार्वतीबाईंनी गॅपमध्ये जे काम केलं, त्याच कामानं त्यांना पुढे काय शिकायचं हे सांगितलं. निधीसाठी दारोदार फिरल्या म्हणून इंग्रजीची गरज कळली. घरात बसून तो अभ्यासक्रम कुणी आखून दिला नव्हता.

तीन वर्षांचा गॅप आणि लंडन

आता अशी गोष्ट, जिचं भंडाऱ्याशी नातं आहे. १९५४ मध्ये भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली आणि राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. ते हरले. ही निवडणूक आपल्या भागातल्या जुन्या लोकांना माहीत असते. पण त्यांच्या शिक्षणातला गॅप फार कमी लोकांना ठाऊक असतो.

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१६ मध्ये तिथून लंडनला आले आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अभ्यास सुरू केला. वर्षभरात शिष्यवृत्तीची मुदत संपली. १९१७ मध्ये अर्धवट अभ्यास सोडून परत यावं लागलं. निघण्याआधी मात्र त्यांनी एक काम केलं. प्राध्यापक एडविन कॅनन यांच्या मदतीनं विद्यापीठाकडून परवानगी घेऊन ठेवली, की चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू करता येईल. म्हणजे दार लावताना कडी आतून लागू नये, एवढी काळजी घेतली.

मग तीन वर्षांचा गॅप. त्यात काय काय झालं? बडोद्यात नोकरी धरली, पण जातीमुळे राहायला जागा मिळेना, नोकरी सोडावी लागली. १९१८ च्या अखेरीस मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. १९१९ च्या जानेवारीत मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे साक्ष दिली. १९२० च्या जानेवारीत 'मूकनायक' सुरू केलं, मार्चमध्ये माणगावची परिषद झाली. आणि त्याच वर्षी लंडनला परत.

वय एकोणतीस. घरी बायको, मुलगा. पगारातून साठवलेले पैसे, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेलं कर्ज, एवढ्यावर गेले. हे मी मुद्दाम सांगतोय. आपण नेहमी म्हणतो, जिद्द हवी, जिद्द हवी. जिद्द होतीच. पण सोबत परवानगीचा कागद होता, साठवलेली रक्कम होती आणि भरवशाचा मित्र होता. नुसत्या जिद्दीवर कुणाला लंडनला ढकलू नका.

लंडनमध्ये एक गमतीदार गोष्ट घडली. प्रवेशाच्या वेळी शिफारशीची पत्रं जायची, आजच्या मुलाखतीसारखंच त्यांचं वजन. तिथले अर्थशास्त्राचे प्राध्यापक फॉक्सवेल यांनी संस्थेला कळवलं, की या माणसानं डॉक्टरेटचं काम आधीच केलेलं आहे, त्याला जिंकायला इथे नवं जग उरलेलं नाही. तरी बाबासाहेब शिकलेच. १९२१ मध्ये एम.एस्सी. झाले. रुपयाच्या प्रश्नावरचा डी.एस्सी.चा प्रबंध दिला तर परीक्षकांनी बदल करून आणायला सांगितलं. पैसे संपले होते, मुंबईला परतावं लागलं. तिथून दुरुस्त करून पाठवला आणि १९२३ च्या अखेरीस पदवी मिळाली. म्हणजे परत आलेल्या विद्यार्थ्याला कुणी सूट दिली नाही, आणि त्यांनी मागितलीही नाही.

दाराची वेळ बदलली

पण ज्यांनी स्वतः हे भोगलं, त्यांनी पुढच्यांसाठी काय केलं? बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि १९४६ च्या जूनमध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं. वर्ग सकाळी भरायचे, म्हणजे कारकुनी किंवा शिपायाची नोकरी करणाऱ्यालाही वर्ग करून मग कामावर जाता येई. परीक्षा विद्यापीठाचीच, अभ्यासक्रमही तोच. बदलली फक्त वेळ. फुल्यांची रात्रीची शाळा आठवली ना?

पुढचं पाऊल मुक्त विद्यापीठाचं. इंग्लंडमध्ये १९६९ मध्ये असं विद्यापीठ स्थापन झालं आणि १९७१ पासून तिथे शिकवणं सुरू झालं. भारतात पहिलं १९८२ मध्ये हैदराबादला आलं. आज त्याला बाबासाहेबांचंच नाव आहे. मग १९८५ मध्ये दिल्लीचं इग्नू, आणि १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. बारावी न झालेल्या माणसानं पूर्वतयारीचा अभ्यासक्रम करायचा आणि मग पदवीला बसायचं, अशी वाट या विद्यापीठानं काढली. इथे वेळेसोबत पुरावाही बदलला. पूर्वी विचारायचे, "तुझी मागची मार्कशीट दाखव." आता विचारलं, "तुला आत्ता काय येतं ते दाखव."

माझ्या वहिनी याच वाटेनं आल्या. रोवणीच्या दिवसांत दिवसभर बांधीत चिखलात वाकायचं आणि रात्री जेवणं उरकल्यावर पुस्तक उघडायचं. दीडशे वर्षांपूर्वी पुण्यात एका घरात रात्री जी शाळा भरली, तीच एकोडीत चुलीशेजारी भरत होती, असं मला वाटतं.

मग मुलाखतीत अडतं कुठे?

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. तो प्रश्न विचारणारे वाईट नसतात. त्यांना दोनच गोष्टी जाणून घ्यायच्या असतात. एक, हा माणूस अभ्यासक्रम पुरा करेल का, की पुन्हा सुटेल? दोन, वर्गातल्या बाविशीच्या मुलांजवळ नाही असं हा काय घेऊन येतोय? प्रश्न रास्त आहे. पण आपल्या कानांना तो "उशीर का केला?" असा ऐकू येतो, आणि आपण माफी मागायला लागतो.

"घरीच होते" ही ती माफी आहे. आणि खरं सांगायचं तर ते खोटंही आहे. त्या बारा वर्षांत वहिनींनी बचत गटाचं रजिस्टर सांभाळलं. रोवणीला येणाऱ्या बायांच्या मजुरीचा हिशेब ठेवला, कुणाचा एक दिवस बुडू दिला नाही. सासऱ्यांच्या आजारपणात भंडाऱ्याच्या दवाखान्यातले कागद, सह्या, शिक्के सगळं स्वतः केलं. शेजारच्या म्हाताऱ्या बाईचा निराधार योजनेचा अर्ज भरून दिला, तलाठ्याकडे तीन चकरा मारल्या. आता मला सांगा, समाजकार्याची पदवी घेऊन मुलं नंतर काय शिकायला गावात येतात? हेच ना?

बाबासाहेबांचा १९१७ ते १९२० चा काळ आपण "गॅप" म्हणून वाचत नाही. कारण त्यात काय केलं ते तारखेसकट लिहिलेलं आहे. वहिनींचा काळ कुणी लिहिला नाही, एवढाच फरक. मोठेपणाची तुलना मी करत नाही, तेवढी अक्कल मला आहे. मी लिहून ठेवण्याबद्दल बोलतोय.

म्हणून गेल्या रविवारी आम्ही ओसरीत वही घेऊन बसलो. वर्ष, काम, त्यातून काय शिकले, असे तीन रकाने पाडले. सुरुवातीला वहिनी म्हणाल्या, "याच्यात लिहिण्यासारखं काय आहे जी?" दोन पानं भरल्यावर त्यांनी माझ्या हातातला पेन स्वतःकडे घेतला आणि म्हणाल्या, "थांबा भाऊजी, तुम्हाला काही माहीतच नाही." मग त्याच लिहीत बसल्या.

यंदा त्या पुन्हा अर्ज करणार आहेत. जागा मिळेल की नाही, मला माहीत नाही. फीचे पैसे, मुलांची शाळा, जायचं-यायचं, हे प्रश्न आहेतच, वहीनं ते सुटत नाहीत. पण या वेळी तो प्रश्न आला तर मान खाली जाणार नाही, एवढं नक्की.

तुमच्याही घरात असं कुणी असेल. आई, काकू, दादा, दहावीला अडकलेला मामा. त्यांना आज एकच विचारा, "त्या वर्षांत काय काय केलंत?" आणि ते सांगतील तेव्हा मोबाइल बाजूला ठेवून लिहून घ्या.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर काळजी घ्या. राम राम, जय भीम, नमस्कार!