घोंगडी : दख्खनी लोकरीचे अंथरूण-पांघरूण

घोंगडी म्हणजे दख्खनी मेंढीच्या लोकरीचे, हातमागावर विणलेले जाड अंथरूण-पांघरूण. कन्नडमध्ये तिला कंबळी म्हणतात. बेळगाव, कोल्हापूर, सांगली, सोलापूर या पट्ट्यात मेंढ्या राखतात धनगर आणि कुरुब. विणकाम प्रामुख्याने सणगर आणि कुरुब घरांतले.

विणकाम
कातरलेली लोकर निवडून, पिंजून तिचे चरख्यावर सूत काढतात. हे काम बहुधा घरातल्या बायकांचे. ताण्याला चिंचोक्याची खळ लावून, कुंच्याने सारखी करून ती उन्हात वाळवतात. मग खड्ड्याच्या मागावर विणकाम सुरू होते. काळा, पांढरा, तपकिरी हे मेंढीचेच रंग. कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर म्हणजे जावळ; जावळाची घोंगडी सर्वांत मऊ.

वापर
घोंगडी अंथरायची, पांघरायची आणि पावसात खोळ करून डोक्यावर घ्यायची. लोकरीतला मेणचटपणा पाणी काही काळ अडवतो. मात्र एकदा पुरती भिजली की ती जड होते आणि लवकर वाळत नाही. ‘भिजत घोंगडे’ हा वाक्प्रचार त्याचीच आठवण देतो.

ओळख
बाजारात घोंगडी म्हणून मिळणारी कित्येक पांघरुणे कृत्रिम धाग्याची असतात. दशीचा एखादा धागा जाळून पाहावा. लोकरीला केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरते. कृत्रिम धागा वितळून त्याची कडक गोळी होते, तर कापसाचे सूत कागदासारखे जळते. हातसूत कुठे जाड, कुठे बारीक असते. हा दोष नव्हे, खूण आहे.

जतन
लोकरीला कसर लागते. म्हणून घोंगडी अधूनमधून उन्हात टाकून झटकावी आणि कडुनिंबाच्या वाळलेल्या पाल्यासह सुती कापडात गुंडाळून ठेवावी. गरम पाणी किंवा धुण्याचे यंत्र वापरू नये. लोकर आटते व घट्ट होते. धुवायचीच असेल तर थंड पाण्यात, न पिळता. वाळवताना सपाट पसरावी.

आज दख्खनी लोकरीला भाव नाही. अनेकदा कातरणीचा खर्चही निघत नाही, म्हणून मेंढपाळ मांसासाठी कमी लोकरीच्या जातींकडे वळले आहेत. कातणारे हातही कमी झाले. त्यामुळे घरातली जुनी घोंगडी विरली तरी टाकून देऊ नये. रफू करून घ्यावी. ती कोणत्या गावची, कोणी विणली, घरात कशी आली, हे वडीलधाऱ्यांना विचारून चिठ्ठीवर लिहावे आणि ती चिठ्ठी घोंगडीसोबतच ठेवावी.