विसारपावतीचे दिवस

जमीन विकायची तर ती आधी आपल्या मालकीची असावी लागते, असा आपला साधाभोळा समज असतो. अमेरिकेच्या आग्नेय टोकाला, फ्लॉरिडा राज्यातील मायामी या गावी 1925 सालच्या उन्हाळ्यात माणसांच्या झुंडीच्या झुंडी आल्या आणि त्यांनी हा समज पार खोटा ठरवला. त्यांच्या खिशात ना घर होते, ना जमीन. होती ती फक्त एक विसारपावती.

1920 च्या खानेसुमारीत मायामीची वस्ती होती 29,571. म्हणजे आपल्याकडचे एखादे तालुक्याचे गाव. पण पुढच्या चार-पाच वर्षांत मोटारी स्वस्त झाल्या, उत्तरेकडच्या थंडीने गारठलेल्या लोकांना बारमाही उन्हाची ओढ लागली, आणि 1924 साली फ्लॉरिडाने आपल्या राज्यघटनेतच लिहून टाकले की, येथे उत्पन्नावरही कर नाही आणि वारसाहक्कावरही नाही. मग काय विचारता! 26 जुलै 1925 रोजी तेथल्या एका दैनिकाचा अंक 504 पानांचा निघाला; त्यात मुख्यतः जमिनींच्या जाहिराती. तीनदा अध्यक्षपदाची निवडणूक लढवलेले विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांच्यासारखे नामांकित वक्ते कोरल गेबल्स या नव्या वसाहतीतल्या तळ्याकाठी फ्लॉरिडाच्या हवेवर व्याख्याने देत आणि त्याचे मानधन घेत. रस्त्यात एवढी गर्दी होऊ लागली, की भर रस्त्यात जागेचा सौदा करायला, एवढेच काय पण नकाशा उलगडून दाखवायलासुद्धा नगरपालिकेला बंदी घालावी लागली.

या गर्दीत एक जमात उठून दिसे. गुडघ्याखाली आवळलेल्या ढगळ विजारी, घामेजलेले सदरे, हातात कागद. लोक त्यांना ‘बाइंडर बॉइज’ म्हणत. ‘बाइंडर’ म्हणजे आपली विसारपावतीच. समजा, एका जागेची किंमत ठरली 10,000 डॉलर. त्यातला दहावा हिस्सा, म्हणजे 1,000 डॉलर, विसार म्हणून द्यायचा. पुढचा मोठा हप्ता साधारण महिनाभराने, मालकीचे कागद तपासून झाले की भरायचा. पण त्या मधल्या महिन्यात जागेचा भाव 10,500 झाला, तर? तर जागा घ्यायचीच नाही. पावती 1,500 ला दुसऱ्याच्या हाती द्यायची आणि 1,000 वर 500 चा नफा खिशात घालून पुन्हा रस्त्यावर उभे राहायचे. दुसरा ती तिसऱ्याला देई, तिसरा चौथ्याला. जागा कोठे आहे, तिथे पाणी साचते की झाडे आहेत, हे पाहायला कोणाला सवड? हप्ता भरण्याची वेळ येईल तेव्हा आपण तेथे नसू, एवढीच प्रत्येकाची खबरदारी.

यात लबाडी होती का? इतिहास शिकवताना मुले हा प्रश्न हटकून विचारतात, आणि मला ‘हो’ म्हणून मोकळे होता येत नाही. खरी लबाडी निराळी दिसते. कुप्रसिद्ध चार्ल्स पाँझी याच सुमारास फ्लॉरिडात आला आणि ‘जॅक्सनव्हिल शहराजवळ’ म्हणून त्याने भूखंड विकले. ते शहरापासून सुमारे 65 मैलांवर होते! त्याच्यावर खटला झाला, तो दोषी ठरला. पण पावतीवाल्याने खोटे काय सांगितले? करार हाही एक हक्क आहे आणि हक्क विकता येतो. आपल्याकडच्या 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातले 54 वे कलम सांगते की, नुसत्या साठेखताने मिळकतीत हितसंबंध निर्माण होत नाही. म्हणजे साठेखत हातात असलेला माणूस घर विकू शकत नाही; विकू शकतो तो घर मागण्याचा हक्क. गाहकाला हे नीट सांगून विकले, तर कायद्याच्या दृष्टीने बोट ठेवायला जागा राहात नाही.

मग बोचते ते काय, हे मला आमच्या आत्याबाईंमुळे कळले.

1991 साली त्या वाईचा आपला वाडा विकायला निघाल्या, तेव्हा मी सहावीत होतो. गिऱ्हाईक म्हणून आलेले गृहस्थ मोठे गोडबोले. “आत्याबाई, मुलाबाळांसकट राहायला येणार आम्ही. तुमची तुळस हलवणार नाही,” म्हणाले. आत्याबाईंनी चार पैसे कमी घेतले ते त्या तुळशीपायी. दहा हजारांचा विसार झाला. आत्याबाईंना मोतीबिंदू, तेव्हा कागद वाचून दाखवायचे काम माझ्याकडे आले. वाचनाची मला भारी घमेंड. ‘तुम्ही अगर तुम्ही सांगाल त्यांचे नावे खरेदीखत करून देईन’ हे शब्द मी इतर शब्दांसारखेच एका दमात म्हटले. आत्याबाईंनी मान हलवली आणि सही केली.

दोन महिन्यांनी दारात उभा राहिला तो भलताच माणूस. बरोबर एक पोऱ्या, हातात फीत. आल्याआल्या अंगणच मोजू लागला. “तुम्ही कोण?” आत्याबाईंनी विचारले. त्याने कागद दाखवला. चाळीस हजार जास्त देऊन त्याने तो घेतला होता. वडील वकिलांकडे धावले. वकिलांनी माझे तेच वाक्य पुन्हा वाचून दाखवले, फक्त सावकाश.

मायामीतही पहिल्या मालकाची अशीच गत झाली, पण उलट्या बाजूने. 1925 च्या अखेरीस रेल्वेने मालवाहतूक रोखून धरली. 10 जानेवारी 1926 रोजी ‘प्रिन्स वाल्डेमार’ हे जहाज बंदराच्या तोंडातच कलंडले आणि बांधकामाचे सामान समुद्रात खोळंबले. नवे गिऱ्हाईक येईना. 18 सप्टेंबरच्या वादळाने उरलेसुरले उडवले. मायामीच्या बँकांत 1925 साली 1,06,65,28,000 डॉलरचे धनादेश वटले होते. 1928 साली 14,33,64,000 चेच. फ्रेडरिक लुइस ॲलन याने 1931 च्या आपल्या पुस्तकात एका जमीनमालकाची गोष्ट दिली आहे. एकरी 12 डॉलरने त्याने जमीन विकली. ती पुढे 17, 30, 60 अशी विकली गेलेली पाहून स्वतःला बोल लावला. वर्ष-दोन वर्षांनी साखळीतले सगळेच थकले. जमीन पुन्हा त्याच्या पदरात! कोणाकोणाकडे तर अशी परत आलेली जमीन करांचा एवढा बोजा घेऊन आली, की तो मिळालेल्या रोख पैशांहून जड भरला.

अमेरिकेत हा धंदा अजून चालतो. त्याला आता घरांचे ‘होलसेलिंग’ म्हणतात. इलिनॉय राज्याने 2019 साली ठरवले की, बारा महिन्यांत एकाहून अधिक वेळा असे करार विकायचे तर दलालीचा परवाना हवा. ओक्लाहोमाने 2021 साली असाच कायदा केला. रोख बराचसा एकाच गोष्टीवर आहे: अडल्यानडल्या, वयस्क घरमालकाशी बोलणारा माणूस स्वतः घर घेणार आहे की नुसता कागद फिरवणार आहे, हे लपून राहू नये.

आत्याबाईंनी शब्द मोडला नाही. ठरल्या दिवशी त्या वडिलांबरोबर दुय्यम निबंधकांच्या कचेरीत गेल्या. मीही गेलो होतो. अंगठ्याला शाई लावून घेताना त्यांनी त्या दुसऱ्या माणसाला एवढेच विचारले, “मागच्या विहिरीवर झाकण घालाल ना? आळीतली पोरे येतात तिकडे.”

तो म्हणाला, “आजी, मी कुठे ठेवतोय? पुढच्या महिन्यात माझाही व्यवहार आहे.”