गुरुवर्य केळूसकर आणि भीमराव

कृष्णराव अर्जुन केळूसकर (१८६०–१९३४) हे मुंबईच्या विल्सन हायस्कुलातील शिक्षक. भीमराव शिकत होते एल्फिन्स्टन हायस्कुलात. म्हणजे ते गुरुवर्यांच्या वर्गातले विद्यार्थी नव्हतेच. शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत वाचीत बसणाऱ्या या मुलाची त्यांनी आपण होऊन विचारपूस केली आणि त्याला वाचावयास पुस्तके दिली.

सत्कारसभेत त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भीमरावांना भेट दिले. ही सभा १९०७ च्या मॅट्रिकच्या यशाची, असे चरित्रकार सांगतात आणि जयंतीच्या व्याख्यानांतून आपणही तेच ऐकतो. परंतु ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी १९५६ मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेब हा प्रसंग इंग्रजी चौथीनंतरचा सांगतात. अशा सत्काराने पोराच्या डोक्यात हवा जाईल म्हणून रामजीबाबांनी साफ नकार दिला होता. दादा केळूसकरांनी मित्राचे मन वळविले, तेव्हा सभा झाली. १९५७ च्या पहिल्या आवृत्तीत ही प्रस्तावना छापली गेली नाही, म्हणूनच बहुधा ही नोंद मागे पडली. साल कोणतेही धरा, ते चरित्र वाचून आपण भारावून गेलो, ही साक्ष खुद्द बाबासाहेबांची आहे.

पुढे इंटरनंतर घरचा पैसा संपला. तेव्हा केळूसकरांनीच सयाजीराव महाराजांशी भीमरावांची भेट घडवून आणली व दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली.

येवल्याची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ ची. गुरुवर्य त्याच्या आदल्याच वर्षी निवर्तले होते.