त्वरित निरीक्षकाचा काल आणि अवकाश : सापेक्षता सिद्धांतातील एका संकल्पनेचा इतिहास

प्रस्तावना :
विशिष्ट सापेक्षता सिद्धांत केवळ एकसमान वेगाने जाणाऱ्या निरीक्षकांपुरता मर्यादित आहे आणि त्वरणाचा प्रश्न आला की व्यापक सापेक्षतेकडेच वळावे लागते, असे विधान महाविद्यालयीन अध्यापनात वारंवार केले जाते. विज्ञानाचा इतिहास या विधानाला दुजोरा देत नाही. त्वरित निरीक्षकाची संकल्पना कशी विकसित झाली आणि तिच्यामुळे काल व अवकाश यांविषयीच्या कोणत्या समजुती बदलल्या, याचा आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

आरंभ : १९०५ ते १९०७
अल्बर्ट आइन्स्टाइन यांच्या १९०५ च्या मूळ निबंधातच त्वरित घड्याळाचा विचार आढळतो. बंद वक्रमार्गाने फिरून मूळ स्थानी परतलेले घड्याळ तेथेच राहिलेल्या घड्याळाच्या तुलनेत मागे पडलेले असेल, असे त्यांनी नमूद केले. वक्रमार्ग म्हणजे लहान लहान सरळ रेषाखंडांची मालिका होय, असे येथे गृहीत धरले होते. म्हणजेच घड्याळाची गती त्या त्या क्षणीच्या वेगावर अवलंबून असते, त्वरणावर नव्हे.

१९०७ च्या विस्तृत आढावा लेखात त्यांनी पुढचे पाऊल टाकले. एकसमान त्वरणाने जाणारी संदर्भचौकट आणि एकसमान गुरुत्वक्षेत्रातील स्थिर चौकट यांत भौतिकदृष्ट्या भेद करता येत नाही, असे गृहीतक त्यांनी मांडले. त्वरित चौकटीत पुढील बाजूचे घड्याळ मागील बाजूच्या घड्याळापेक्षा जलद चालते. हाच निष्कर्ष गुरुत्वाकर्षणाला लावला असता उंचावरील घड्याळ जलद चालले पाहिजे. सूर्यप्रकाशातील वर्णरेषांच्या वारंवारतेत यामुळे दहा लाखांत सुमारे दोन इतका फरक पडेल, असे गणित त्यांनी दिले. त्वरणाचे विश्लेषण प्रथम आणि गुरुत्वाचा सिद्धांत नंतर, असा हा ऐतिहासिक क्रम आहे.

दृढ वस्तूचा प्रश्न : १९०८ ते १९१२
हेर्मान मिन्कोव्स्की यांनी १९०८ मध्ये कोलोन येथील व्याख्यानात काल व अवकाश यांची चतुर्मितीय एकात्म मांडणी केली. या मांडणीत निरीक्षकाला स्वतःला जाणवणारे त्वरण स्थिर असेल, तर त्याची विश्वरेषा अपास्त या वक्राच्या आकाराची होते. मॅक्स बोर्न यांनी १९०९ मध्ये याच आधारावर सापेक्षतेतील दृढ वस्तूची व्याख्या केली. त्वरणाने जाणाऱ्या दांड्याची लांबी त्याच्या स्वतःच्या दृष्टीने कायम राहावयाची असेल, तर त्याच्या मागील टोकाचे त्वरण पुढील टोकापेक्षा अधिक असावे लागते.

त्याच वर्षी पाउल एरेनफेस्ट यांनी फिरत्या तबकडीची अडचण दाखवून दिली. तबकडीचा परीघ गतीच्या दिशेत असल्याने आकुंचन पावतो, त्रिज्या मात्र पावत नाही. मग भूमितीतील पायचे काय? आइन्स्टाइन यांनी १९१२ मध्ये या तबकडीचा उल्लेख करून तेथे युक्लिडीय भूमिती लागू पडत नाही, असे सुचविले. वक्र अवकाश-कालाच्या कल्पनेकडे जाणारी ही एक महत्त्वाची पायरी ठरली.

क्षितिजाची संकल्पना :
वोल्फगांग रिंडलर यांनी १९६६ मध्ये एकसमान त्वरित चौकटीची कृष्णविवराच्या अवकाश-कालाशी तुलना केली. सतत त्वरणाने जाणाऱ्या निरीक्षकाच्या मागे एक सीमा निर्माण होते आणि तिच्या पलीकडून निघालेला प्रकाश, त्वरण चालू असेपर्यंत, त्याच्यापर्यंत कधीच पोहोचत नाही. पृथ्वीवरील गुरुत्वीय त्वरणाइतके त्वरण घेतल्यास हे अंतर सुमारे ०.९७ प्रकाशवर्ष भरते. येथे कोणतेही वस्तुमान नाही की अवकाश-कालाची वक्रताही नाही; क्षितिज निरीक्षकाच्या गतीमुळेच उद्भवते.

प्रायोगिक कसोटी :
रॉबर्ट पाउंड आणि ग्लेन रेब्का यांनी १९६० मध्ये हार्वर्ड येथे २२.५ मीटर उंचीवर गॅमा किरणांच्या वारंवारतेतील फरक मोजला व १९०७ च्या अनुमानाला प्रयोगशाळेत पुष्टी मिळाली. १९७७ मध्ये सर्न येथील साठवण कड्यातील म्युऑन कणांचे आयुष्य सुमारे २.२ मायक्रोसेकंदांवरून ६४ मायक्रोसेकंदांपर्यंत वाढल्याचे प्रसिद्ध झाले. या कणांचे त्वरण पृथ्वीवरील गुरुत्वीय त्वरणाच्या एकावर अठरा शून्ये इतके पट होते. तरीही ही वाढ केवळ वेगावरून काढलेल्या गणिताशी जुळली. १९०५ मधील गृहीतकाचे हे समर्थन होय.

समजुतीतील अडचणी :
एड्मंड ड्यूअन व मायकेल बेरान यांनी १९५९ मध्ये एक प्रश्न मांडला. एकामागे एक असलेल्या दोन यानांमध्ये नाजूक दोरा ताणून बांधला आणि दोन्ही याने एकाच वेळी, समान त्वरणाने निघाली, तर दोरा तुटेल काय ? जॉन बेल यांनी १९७६ मध्ये हा प्रश्न प्रसिद्धीस आणला. सर्नच्या सैद्धांतिक विभागातील बहुसंख्यांचे प्रथम मत दोरा तुटणार नाही असेच होते, अशी नोंद त्यांनी केली आहे. वास्तविक दोरा तुटतो. जमिनीवरून पाहता यानांतील अंतर कायम राहते, परंतु गतिमान दोऱ्याला तेवढे अंतर व्यापण्यासाठी ताणले जावे लागते. तज्ज्ञांचीही चूक होते, हे लक्षात घेता विद्यार्थ्यांच्या अडचणीकडे सहानुभूतीने पाहणे आवश्यक ठरते.

१९७६ मध्येच विल्यम उन्रूह यांनी त्वरित निरीक्षकाला निर्वातही उष्ण भासेल, असे दाखविले. पृथ्वीवरील गुरुत्वीय त्वरणासाठी हे तापमान इतके अल्प आहे की त्याचे थेट मापन व्यवहारात अशक्यप्राय ठरते. परंतु क्षितिज व उष्णता यांचा हा संबंध पुढे मूलगामी ठरला. पुण्यातील आयुका या संस्थेत थाणू पद्मनाभन (निधन २०२१) यांनी याच संबंधातून गुरुत्वाकर्षणाचा ऊष्मागतिकीय अर्थ लावण्याचे कार्य दीर्घकाळ केले.

निष्कर्ष :
त्वरणाचा विचार विशिष्ट सापेक्षतेच्या कक्षेत प्रारंभापासूनच होता, हे वरील विवेचनावरून स्पष्ट होते. व्यापक सापेक्षतेची गरज गुरुत्वाकर्षणामुळे म्हणजेच अवकाश-कालाच्या वक्रतेमुळे भासते, केवळ त्वरणामुळे नव्हे. सार्वत्रिक 'आता' आणि सर्वांना समान दिसणारे क्षितिज या दोन्ही कल्पना त्वरित निरीक्षकाने मोडीत काढल्या. पदवी स्तरावरील अध्यापनात हा ऐतिहासिक क्रम जपल्यास एक रूढ गैरसमज दूर होईल आणि व्यापक सिद्धांताकडे जाणारी वाटही अधिक सुगम होईल.