मुठीतला आवाज : थोडा इतिहास, थोडी डागडुजी

मुठीत मावणारा व्हॉइस रेकॉर्डर बिघडला की आपण यंत्राची काळजी करतो. पण मंडळी, यंत्र दुसरं मिळतं, आतला आवाज मिळत नाही. या यंत्रांचा इतिहास पाहिला तर सगळी धडपड याच एका गोष्टीसाठी दिसते.

एडिसनचा फोनोग्राफ १८७७ सालचा. आवाज कथलाच्या वर्खावर उमटायचा आणि चार-दोनदा वाजवला की वर्ख कामातून गेलाच! मग मेणाचे सिलिंडर आले, तबकड्या आल्या, पण खिशात घालण्यासारखं काही नव्हतं. १९६३ मध्ये फिलिप्सने कॅसेट आणली. तिची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकते. १९६९ मध्ये आलेली ऑलिंपसची मायक्रोकॅसेट साधारण निम्म्या वेगाने, २.४ सेंटिमीटरने. फीत कमी लागली, यंत्र खिशात मावलं, आवाज मात्र थोडा उतरला. मुलाखती आणि टिपणं घेणाऱ्यांना तेवढा पुरेसा होता.

कॅसेटच्या मागच्या कडेला प्लास्टिकचे दोन चिमुकले तुकडे असत, आठवतंय? एक मोडला की त्या बाजूवर चुकूनही दुसरं काही रेकॉर्ड व्हायचं नाही. विचार बदलला तर त्या खाचेवर सेलोटेप! इतकी सोपी आणि पक्की सोय मी सॉफ्टवेअरमध्ये क्वचितच पाहिली आहे.

१९९० च्या दशकात फ्लॅश मेमरीवाले रेकॉर्डर आले. फीत गुंतायची थांबली, पण दुखणं गेलं नाही, फक्त जागा बदलली. तुटलेली फीत चिकटवता येत होती. फाइलचं तसं नाही. वेव्ह फाइलच्या सुरुवातीलाच आत किती डेटा आहे तो आकडा असतो, आणि तो बहुतेक वेळा स्टॉप दाबल्यावर भरला जातो. मध्येच सेल काढला तर तासाभराचं बोलणं मेमरीत पडून असतं आणि फाइल शून्य दाखवते! अशा वेळी त्यावर नवीन काही रेकॉर्ड करू नका, फॉरमॅट तर मुळीच नको. कॉम्प्युटरला जोडून मेमरीची जशीच्या तशी प्रत काढा आणि सगळे प्रयोग त्या प्रतीवर करा. चुकून डिलीट झालेल्या फाइललाही हाच उपाय. पुसली जाते ती सहसा फक्त नोंद. डेटा त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत बऱ्याचदा शिल्लक असतो.

यंत्र मुळात चालूच होत नसेल तर आधी सेलचा कप्पा उघडा. पांढरी भुकटी दिसली तर सेल गळलाय. अल्कलाइन सेलमधून पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येतं, ते कातडीला आणि डोळ्यांना वाईट. हातमोजे घाला, कापसाच्या काडीला किंचित व्हिनेगर लावून पुसा, नीट सुकू द्या. आमच्या भाईंदरच्या खाऱ्या, दमट हवेत स्प्रिंगांना गंज चढायला वेळ लागत नाही, म्हणून वापर नसेल तेव्हा सेल काढूनच ठेवावेत. आतली लिथियम बॅटरी फुगली असेल तर दाबू नका, चार्जिंगलाही लावू नका.

एवढा खटाटोप कशासाठी? याचं उत्तर महाराष्ट्रातच आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसोबत गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या जमवल्या, एक लाखाहून जास्त! पुढे बर्नार बेल त्यांना येऊन मिळाले आणि शंभराहून अधिक तासांचं ध्वनिमुद्रण झालं. पॉइतवाँ २००४ मध्ये गेले, राईरकर २०१० मध्ये. तरी २०१७ पासून त्या ओव्या 'पारी'च्या संकेतस्थळावर येऊ लागल्या. हे जमलं, कारण सगळं एका यंत्रात अडकलेलं नव्हतं. ओव्या कागदावर उतरवलेल्या होत्या, त्यांच्या नोंदी केलेल्या होत्या, टेप जपून ठेवलेल्या होत्या.

भाईंदर पश्चिमेलाच उत्तन, पाली, डोंगरी ही गावं आहेत. तिथल्या कोळी आणि ईस्ट इंडियन घरांतली बोली, लग्नातली गाणी म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून अजून ऐकता येतात. रेकॉर्ड करायचं तर त्यांना विचारून करा. त्याच रात्री फाइल दोन वेगळ्या ठिकाणी उतरवा, आणि कोण, कुठे, कधी हे फाइलच्या नावातच लिहा. 'रेकॉर्डिंग ००१' नावाच्या फाइलमधली आजी कोणाची, हे वीस वर्षांनी कोण सांगणार?