लोकरीची निवड

पैठणीचा इतिहास पुष्कळांनीं लिहिला. घोंगडीचा लिहावा असें फारच थोड्यांस वाटलें. वस्त्र जितकें महाग तितका त्याचा इतिहास मोठा, असा आमचा कांहींसा समज झालेला दिसतो.

परंडा तालुक्यांतील सोनारी हें गांव काळभैरवनाथाच्या देवस्थानामुळें प्रसिद्ध आहे. बालाघाटाच्या पायथ्याकडील हा मुलूख कमी पावसाचा, ज्वारीचा आणि माळरानांचा. अशा माळावर दख्खनी मेंढी तग धरते, आणि जेथें मेंढी तेथें घोंगडी आलीच. १९४८ पर्यंत हा प्रांत निजामाच्या राज्यांत होता. राज्य गेलें, पण वर्षांतून दोनदां लोकर कातरण्याचा क्रम राहिला.

घोंगडीचा कस मागावर ठरतो असें आपण समजतों. वस्तुतः तो त्यापूर्वींच, लोकरीच्या ढिगापाशीं ठरतो. काटे-कुसळें वेचून झाल्यावर प्रथम रंग पाहावयाचा: काळी, करडी, पांढरी. मग वय पाहावयाचें. कोंकराची पहिली लोकर, म्हणजे जावळ, मऊ असते; तिची घोंगडी अंगास टोंचत नाहीं. म्हाताऱ्या मेंढीची राठ लोकर अंथरावयाच्या घोंगडीस चालते. घोंगडीस बहुधा वरून रंग देत नाहींत. म्हणून काळ्यावर पांढरी किनार हवी असेल, तर पांढरी लोकर आधींच निराळी राखावी लागते. शिवाय एका मेंढीच्या लोकरीनें घोंगडी होत नाहीं. एकाच जातीची लोकर पुरेशी जमेपर्यंत गांठोडीं सांभाळावीं लागतात, आणि तेथें गांठ पडते कसरीशीं. 'कसर' म्हणजे लोकर खाणारा किडा, आणि 'कसर' म्हणजे तूटही. लोकर राखणाऱ्या घरास हे दोन अर्थ फारसे निराळे वाटले नसतील.

पुढें लोकर धनुकलीनें पिंजावयाची, बायकांनीं सूत काढावयाचें, ताण्यास चिंचोक्याची खळ लावावयाची आणि पुरुषांनीं विणावयाचें, अशी ही वांटणी होती. घोंगड्या विणणाऱ्या धनगरांस 'खुटेकर' म्हणत. हें नांव खुंट्यावरून पडलें असें सांगतात. विणणारास असें नांव मिळालें. ढीग निवडणाऱ्या हातांस मात्र कोणतेंच मिळालें नाहीं.

राजाश्रयाचेंही तसेंच झालें. शेजारच्या जामखेड तालुक्यांतील चौंडीस, धनगर कुळांत १७२५ सालीं जन्मलेल्या अहिल्याबाईंनीं महेश्वरास विणकर वसविले, व तेथील लुगड्यांची कीर्ति दूरवर गेली. त्यांच्या माहेरच्या माळावरील घोंगडी मात्र माळावरच राहिली.

आज गिरणीचीं ब्लँकेटें स्वस्त मिळतात. मेंढी मुख्यत्वें मांसासाठीं पाळतात, आणि माडग्याळसारख्या कमी लोकरीच्या जातीकडे ओढा वाढला आहे. कातरलेल्या लोकरीस पुष्कळदां गिऱ्हाईक मिळत नाहीं. ती टाकून द्यावी लागते. जी टाकावयाची ती निवडील कोण? माग मोडला तर पदार्थसंग्रहालयांत ठेवतां येईल. पण चिमटींत लोकर धरतांच जावळ कोणती आणि राठ कोणती हें ओळखणारें बोट कोणत्या कपाटांत ठेवावयाचें?

रेंगाळलेल्या कामास आपण भिजत घोंगडें म्हणतों. घोंगडें जितकें भिजावें तितकें जड होतें. घोंगडीचा इतिहास लिहिण्याचें कामही असेंच भिजत पडलें आहे. ज्या म्हाताऱ्या बायकांना ही निवड अद्याप ठाऊक आहे, त्यांच्यापाशीं बसून तें उचलावें. ग्रंथालयांतून तें उचललें जाणार नाहीं.