गाविलगडची हिवाळी वाट

शाळेच्या आणि स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत आमच्या गावाचं नाव एका ओळीपुरतं येतं: सुर्जी-अंजनगावचा तह, 30 डिसेंबर 1803. मुलं तारीख पाठ करतात आणि पुढच्या तहाकडे वळतात. दौलतराव शिंद्यांच्या वकिलांनी गंगा-यमुनेचा दुआब, दिल्ली-आग्र्याकडचा मुलूख, भडोच आणि अहमदनगरचा किल्ला इंग्रजांना लिहून दिला, तो इथे. पण एवढी मोठी गोष्ट शहानूर नदीकाठच्या या लहान गावात का घडली? त्याचं बरंचसं उत्तर गावाच्या उत्तरेला दिसणाऱ्या सातपुड्यात आहे, आणि ते पायी गेल्यावर जास्त चांगलं कळतं.

त्या वर्षी हिवाळा सुरू होताना लढाई वऱ्हाडात आली. 29 नोव्हेंबरला आजच्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावजवळ आर्थर वेलस्लीने नागपूरकर भोसले आणि शिंदे यांच्या फौजेला हरवलं. भोसल्यांचं बरंचसं पायदळ माघार घेऊन गाविलगडावर गेलं. किल्ला पडल्याशिवाय भोसले तह करणार नाहीत, हे वेलस्लीला ठाऊक होतं.

किल्ल्याची दक्षिणेची, म्हणजे आपल्या मैदानाकडची बाजू सरळ कड्याची आहे. त्या बाजूची वाट उभी, फक्त पायी चढण्याजोगी. तोफा लावायला जागा मिळते ती उत्तरेकडे, लाबाड्याच्या बाजूला, जिथे डोंगराची एक सोंड किल्ल्याला येऊन मिळते. म्हणून फौजेचे दोन भाग झाले. 7 डिसेंबरला अचलपुराहून वेलस्ली दक्षिणेच्या बाजूला गेला आणि कर्नल स्टीव्हन्सन डोंगरातून वळसा घालून उत्तरेकडे निघाला. हा वळसा सुमारे 30 मैलांचा, म्हणजे पन्नासेक किलोमीटरचा होता. तोफा जातील असा रस्ताच नव्हता. सैनिकांनी आधी रस्ता करायचा आणि मग त्याच रस्त्याने दऱ्याखोऱ्यांतून तोफा हाताने ओढायच्या, असं पाच दिवस चाललं. 12 तारखेला ते लाबाड्याला पोहोचले. त्याच रात्री मोर्चे बांधले, 13 ला तोफा सुरू झाल्या, 14 च्या रात्रीपर्यंत तटाला खिंडार पडलं आणि 15 डिसेंबरला किल्ला गेला. किल्लेदार बेनीसिंग लढताना मारला गेला. दोनच दिवसांनी, 17 तारखेला, भोसल्यांनी देवगावचा तह केला. शिंदे एकटे पडले आणि महिना संपायच्या आत त्यांच्या वकिलांनी आमच्या गावात सह्या केल्या.

पुढे वेलस्ली ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, 1815 मध्ये त्याने वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं. त्याच्यावर ग्रंथांमागून ग्रंथ लिहिले गेले. गाविलगडाच्या वेढ्यावर बर्नार्ड कॉर्नवेलची इंग्रजी कादंबरीही आहे. पण तोफांचे दोर ज्यांच्या खांद्यांवर होते त्यांची नावं कुठे नाहीत. डिसेंबरात मेळघाटातली रात्र कशी असते हे आपल्याला माहीत आहे. गावात स्वेटरवर भागतं, वर चिखलदऱ्याला शेकोटीजवळून उठवत नाही. पाठीवर फक्त पाण्याची बाटली आणि भाकरी-ठेचा घेऊन चढताना आपण तीनदा थांबतो. त्या लोकांनी याच थंडीत लोखंड ओढलं.

आता हे ओढणारे कोण होते, ते पाहू. स्टीव्हन्सनच्या हाताखाली हैदराबादची तैनाती फौज होती. तिच्यात काही गोरे सैनिक, पण बहुतेक मद्रासकडचे हिंदू-मुसलमान शिपाई. निजाम इंग्रजांचा दोस्त होता. म्हैसूरचं घोडदळही वेलस्लीच्या बाजूने होतं. समोर कोण होतं? अडगावला भोसल्यांच्या बाजूने गोऱ्या पलटणींवर तुटून पडलेली तुकडी पर्शियन लोकांची असावी, असं वेलस्लीच्याच अहवालात आहे. आणि किल्ला मराठ्यांचा, किल्लेदार रजपूत. या लढाईत धर्म पाहून बाजू मांडू म्हटलं तर एकही रांग सरळ लागत नाही.

किल्ल्याचंही तेच. गाविल हे नाव गवळ्यांवरून पडल्याचं सांगतात. फिरिश्त्याच्या इतिहासाप्रमाणे बहमनी सुलतान अहमदशहा वलीने 1425 च्या सुमारास किल्ला बांधला. 1488 च्या सुमारास तो दुरुस्त केला फतहुल्लाह इमाद-उल-मुल्कने, ज्याने पुढे वऱ्हाडची इमादशाही स्थापन केली. हा फतहुल्लाह मूळचा विजयनगरच्या मुलखातला हिंदू मुलगा, लढाईत पकडला जाऊन मुसलमान म्हणून वाढलेला. दिल्ली दरवाजावर हत्ती पकडलेला दोन तोंडांचा पक्षी, गंडभेरुंड, कोरलेला आहे. हे चिन्ह विजयनगरकडचं. आत गेलं की मोठी मशीद आहे. पाण्याचे तलाव आहेत, त्यांतल्या एकाचं नाव देवतलाव आणि दुसऱ्याचं खानतलाव. तहान लागली की कोणाला कुठलं पाणी, हे तिथे कोणी विचारलं नसावं.

हल्ली किल्ल्यांवर जाणाऱ्या तरुणांचे गट वाढले आहेत, ही चांगली गोष्ट आहे. पण काही ठिकाणी ‘हा आमचा, तो तुमचा’ अशी वाटणीही सुरू झाली आहे. आपली मुलं मग दोन गोष्टी करतात. एक तर जातच नाहीत, ‘आपलं तिथे काय काम’ म्हणून. किंवा गेलीच तर फक्त मशिदीपाशी फोटो काढून उतरतात. दोन्हींत तोटा आपलाच. मशीद, गंडभेरुंड, बेनीसिंगने लढवलेला तट, खिंडार आणि तलाव असा सगळा मिळून गाविलगड होतो. यातलं एक जरी वगळलं तरी उरलेलं समजत नाही.

म्हणून माझं सांगणं साधं आहे. भरतीसाठी रोज पहाटे रस्त्यावर धावणारी पोरं आपल्याकडे भरपूर आहेत. त्यांनी डिसेंबरातला एक रविवार या डोंगराला द्यावा. फजर पढून निघावं, सोबत मोहल्ल्याबाहेरचे दोन मित्र घ्यावेत. चिखलदऱ्याकडून किल्ल्यात शिरताना ध्यानात ठेवावं की ही उत्तरेची बाजू, तोफा याच बाजूने आल्या. मग दक्षिणेच्या कड्यावर उभं राहून खाली मैदानाकडे बघावं. एवढा वळसा का घेतला, ते कोणी न समजावता कळेल. हा व्याघ्रप्रकल्पाचा भाग आहे, तेव्हा वनखात्याचे नियम पाळावेत, अंधाराआधी उतरावं, तटावर नावं कोरू नयेत, प्लास्टिक खाली घेऊन यावं.

इंग्रजांनी 1858 मध्ये, तात्या टोपे हा किल्ला धरेल या भीतीने, त्याची तटबंदी निकामी केली. उरलेलं ऊन-पावसात झिजतं आहे. कोरलेली अक्षरं वाचायला उर्दू-फारसीची लिपी येणारी माणसं लागतात, आणि ती आपल्या घराघरांत आहेत. एखाद्या मुलाने दरवाजावरच्या ओळी मोठ्याने वाचाव्यात, शेजारच्या मित्राला मराठीत अर्थ सांगावा, आणि मित्राने त्याला आपल्या आजीकडून ऐकलेली किचकाची, भीमकुंडाची गोष्ट सांगावी. चिखलदऱ्याच्या थंडीत चढ चढण्याचा याहून चांगला मोबदला मला माहीत नाही.